प्ताह

प्राचीन ईजिप्तमधील सृष्टिकर्ता देव, मेंफिस नगरीचे आराध्यदैवत आणि कारागिरांचा अधिपती. ममीसारखे गुंडाळलेले शरीर, डोक्याला चपखल टोपी, सरळ दाढी आणि दोन्ही हातांत धरलेला राजदंड अशी त्याची मूर्ती घडवीत. सेखमेत ही त्याची पत्नी, नेफरतेम हा पुत्र. एपिस हा पवित्र बैल त्याचे सजीव रूप समजला जाई. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने त्याला ग्रीकांच्या हिफीस्टस या अग्नी व धातुकामाच्या देवाशी एकरूप मानले.

ईजिप्तमधील हेलिओपोलिस या नगरीच्या परंपरेत आतुम हा देव स्वतःच्या शरीरातून शू आणि तेफ्नूत या पहिल्या देवयुगुलाला जन्म देतो. मेंफिसच्या मांडणीत प्ताह हृदयात संकल्प करतो आणि जिभेने तो उच्चारतो; त्यातूनच देव, नगरे व देवालये अस्तित्वात येतात. आतुमच्या वीर्याचे व हातांचे कार्य येथे देवाच्या दातांकडे आणि ओठांकडे दिले आहे. या मांडणीचा मुख्य आधार म्हणजे पंचविसाव्या वंशातील शाबाका राजाचा (इ. स. पू. आठव्या शतकाची अखेर) शिलालेख. १८०५ पासून तो ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. त्यापूर्वी केव्हातरी हा दगड जात्यासाठी वापरला गेला असावा. मधोमध चौकोनी भोक, त्यापासून चहूकडे गेलेल्या खाचा आणि झिजून गेलेला बराचसा मजकूर, अशी त्याची आजची अवस्था आहे.

कसरीने खाल्लेली जुनी पोथी राजाला सापडली व ती त्याने दगडावर उतरवून घेतली, असे लेखाच्या आरंभी म्हटले आहे. मजकुराच्या काळाचा वाद येथूनच सुरू होतो. ईजिप्तविद्येचे अभ्यासक ब्रेस्टेड यांनी १९०१ मध्ये या लेखातील तत्त्वचिंतनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. कुर्ट झेटे यांनी १९२८ मध्ये तो पहिल्या वंशाइतका जुना ठरविला. हेर्मान युंकर यांनी तो पाचव्या वंशाकडे आणला. फ्रीड्रिख युंगे यांनी १९७३ मध्ये मात्र त्यातील आर्ष भाषा ही जाणीवपूर्वक केलेली नक्कल असून रचना शाबाकाच्याच काळातील आहे, असे प्रतिपादन केले. त्या काळातील राजे शिल्पातही प्राचीन राज्याच्या (पिरॅमिडे बांधणाऱ्या जुन्या वंशांच्या काळाच्या) शैलीचे अनुकरण करीत, हे पाहता उत्तरकालीन रचनेचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. तथापि विचाराची मुळे आधीची असावीत. दुसऱ्या रामसेसच्या काळातील लायडन पपायरसमध्ये आमून, रे व प्ताह या तिघांत सर्व देव सामावल्याचे म्हटले आहे.

सामान्यांचा प्ताह प्रार्थना ऐकणारा होता. म्हणून त्याला अर्पिलेल्या शिलापट्टांवर कान कोरलेले आढळतात. देर एल-मदिना या कारागिरांच्या वस्तीतील नेफराबू या कारागिराने आपण प्ताहच्या नावाने खोटी शपथ घेतली आणि देवाने दिवसाढवळ्या आपल्याला अंधार दाखविला, असे कोरून ठेवले आहे. देवाशी असलेल्या खाजगी नात्याचा इतका थेट पुरावा ईजिप्तमध्येही थोडाच मिळतो.

संकल्प-उच्चाराच्या कल्पनेची तुलना बायबलमधील योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभी येणाऱ्या, सृष्टी घडविणाऱ्या ‘शब्दा’शी वारंवार केली जाते; साम्य लक्षणीय असले, तरी थेट प्रभाव सिद्ध झालेला नाही. आधुनिक ख्रिस्ती कथासाहित्यात ईजिप्तचे देव येतात ते मुख्यतः मोशेच्या कथेच्या अनुषंगाने. काही लेखक त्यांना निर्जीव मूर्ती, तर काही पतित देवदूत वा भुते म्हणून रंगवितात. दुसऱ्या पक्षाला बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३२:१७ या वचनाचा आधार मिळतो. मिसरच्या (ईजिप्तच्या) सर्व देवांना शासन करण्याच्या ‘निर्गम’ या पुस्तकातील (१२:१२) घोषणेवरून, देवाने ईजिप्तवर पाठविलेली प्रत्येक पीडा एकेका ईजिप्शियन देवाला जोडण्याची प्रथा आहे, आणि गुराढोरांची मरी एपिसवर, पर्यायाने प्ताहवर, बेतते. कथानकाला हे सोयीचे असले, तरी निर्गममधील पीडांच्या वर्णनात एकाही ईजिप्शियन देवाचे नाव नाही.