सापडून पुन्हा हरवलेला इलाज

हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. ऊती जोडून ठेवणारं कोलॅजेन घडायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळेनासं झालं की एक ते तीन महिन्यांत स्कर्व्ही होतो. त्यावरचा इलाज माणसाच्या हाती लागला, आणि नंतर निसटलाही.

१७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी बारा रुग्णांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना सारखंच, उपचार मात्र वेगळे: सायडर, पातळ गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, मसाल्यांचं चाटण आणि सहाव्या जोडीला रोज दोन संत्री, एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, तरी त्या जोडीतला एक जण कामावर परतण्याइतका बरा झाला. पण रस टिकावा म्हणून लिंड यांनी तो तासन्‌तास तापवून आटवायला सांगितला. त्या उष्णतेने गुणच गेला.

१७९५ पासून नौदल खलाशांना लिंबाचा रस नियमित देऊ लागलं, आणि स्कर्व्ही जवळजवळ नाहीसा झाला.

घोळ १८६०च्या दशकात झाला. भूमध्य सागराकाठच्या पिवळ्या, मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं आली. आपलं कागदी लिंबू त्याच जातीचं. आंबट जास्त म्हणून गुणकारीही जास्त, असा समज होता. प्रत्यक्षात त्या रसाची ताकद जेमतेम पाव होती. त्यात रस हवेत उघडा राहायचा आणि तांब्याच्या नळांतून जायचा. तांब्याच्या संपर्कात क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण झपाट्याने होतं. तरीही कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण वाफेच्या जहाजांमुळे प्रवासच आखूड झाले होते. १८७५च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत स्लेज ओढणारे खलाशी स्कर्व्हीने कोसळले, तेव्हा कुठे शंका आली. पण ‘या जातीच्या रसात दम नाही’ असं म्हणण्याऐवजी अनेक डॉक्टरांनी लिंबाचा उपायच खोटा मानला आणि डबाबंद मांसातल्या विषाला दोष दिला. उपाय ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतं. म्हणून तो इतक्या सहज सुटला.

१९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे दोन संशोधक बेरीबेरी या दुसऱ्याच आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य घातलं. झाला मात्र स्कर्व्ही. हे नशीबच म्हणायचं. उंदीर निवडले असते तर काहीच दिसलं नसतं, कारण ते क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. गिनीपिगला आणि माणसाला ते जमत नाही. आता कोणता रस किती पाजला की गिनीपिग वाचतो, हे मोजता येऊ लागलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनमध्ये दोन्ही जातींच्या रसांची याच पद्धतीने तुलना झाली, तेव्हा हिरव्या लिंबाचं दुबळेपण उघड झालं.