‘अधिकृत’ म्हणजे कुणाचा? १९६७च्या ‘कॅसिनो रॉयाल’ची पार्श्वभूमी

१९६७मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने दोन बाँडपट झळकले. एप्रिलमध्ये ‘कॅसिनो रॉयाल’, जूनमध्ये ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’. पहिला निव्वळ विडंबन, दुसरा नेहमीच्या मालिकेतला. गंमत म्हणजे ‘कॅसिनो रॉयाल’ या बाँडच्या पहिल्याच कादंबरीचे हक्क विडंबन करणाऱ्याच्या खिशात होते.

ती कादंबरी १९५३ची. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन वाहिनीने एक हजार डॉलर मोजून त्यावर तासाभराचा कार्यक्रम केला आणि बाँडला चक्क अमेरिकन ‘जिमी’ करून टाकलं. १९५५मध्ये चित्रपटाचे हक्क सहा हजार डॉलरना विकले गेले. घेणारा १९६०मध्ये वारला आणि त्याच्या विधवेकडून ते हॉलिवूडच्या एका निर्मात्याकडे आले. मालिकावाल्यांशी त्याची बोलणी फिसकटली. तोवर बाँड म्हटलं की लोकांना एकच चेहरा आठवू लागला होता. दुसरा नट घेऊन गंभीर बाँडपट चालणार कसा? मग थट्टाच करायची ठरली.

या चित्रपटाला सर्रास ‘अनधिकृत’ म्हणतात, ते मला पटत नाही. अनधिकृत म्हणजे हक्क नसताना केलेला. इथे तर रीतसर पैसे मोजून घेतलेले हक्क होते. ‘अधिकृत’चा अर्थ इथे एवढाच, की एका विशिष्ट कंपनीने काढलेला. १९८३चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ही याच न्यायाने वाळीत पडला. त्यामागे न्यायालयातल्या तडजोडीतून मिळालेले हक्क होते, शिवाय बाँड खुद्द पहिल्या बाँडपटातलाच नट होता. तरी शिक्का तोच! प्रसिद्धीखात्याचा शब्द आपण कायद्याचा समजून वापरत आलो.

‘कॅसिनो रॉयाल’ची कथाही याच वादाची नक्कल वाटते: शत्रूला चकवायला सगळ्याच हेरांना ‘जेम्स बाँड ००७’ हे नाव दिलं जातं. चित्रीकरणात गोंधळ त्याहून मोठा. श्रेयनामावलीत पाच दिग्दर्शक. पत्त्यांच्या टेबलावर समोरासमोर बसायचे ते दोन मोठे नट एकमेकांसमोर यायला तयार नसल्याने त्या प्रसंगाचा बराचसा भाग वेगवेगळा चित्रित झाला. त्यातल्या एकाने जादूचे प्रयोग घुसवले, तर दुसरा काम अर्धवट टाकून गेला. खर्च ठरल्याच्या दुप्पट, सुमारे १ कोटी २० लाख डॉलरवर गेला. तरीही गल्ला भरला.

हेरपटांच्या थट्टेला १९९७च्या ‘ऑस्टिन पॉवर्स’ने पुन्हा बाजार मिळवून दिला. ‘कॅसिनो रॉयाल’मधले भडक रंग आणि १९६०च्या दशकातलं लंडन तिथेही दिसतं. कादंबरीचे हक्क मात्र १९९९मध्ये दोन स्टुडिओंच्या समझोत्यानंतरच मालिकेच्या बाजूला आले आणि २००६मध्ये गंभीर ‘कॅसिनो रॉयाल’ निघाला. त्यात टेबलावर पोकर आहे. या दोन चित्रपटांपैकी कादंबरीतला बॅकरा हा पत्त्यांचा जुगार खेळला तो १९६७च्या टिंगलपटातच.