धावत्या लक्ष्यावर नेम

लगोरीत पळत्या गड्याला चेंडू मारायचा, तर तो त्याच्या थोडा पुढे फेकावा लागतो, हे पोरांना कोणी शिकवत नाही. संगणकाला मात्र ते आकड्यांत सांगावे लागते.

संगणकीय खेळात हलत्या वस्तूचे स्थान आणि वेग सदिशांच्या, म्हणजे किती आणि कोणत्या दिशेने हे दोन्ही सांगणाऱ्या राशींच्या, रूपात साठवतात. परीक्षेनंतर आपण विसरून जातो तो चाल (नुसते किती जलद) आणि वेग (किती जलद आणि कुठल्या दिशेने) यांतला भेद इथे कामी येतो : गोळ्याची चाल आधीच ठरलेली असते, तिला योग्य दिशा देणे एवढेच प्रोग्रॅमरच्या हाती असते.

समजा, तोफेसमोर २०० मीटरवरून एक रणगाडा सेकंदाला ३० मीटर वेगाने आडवा चालला आहे आणि गोळ्याची चाल सेकंदाला ५० मीटर आहे. थेट रणगाड्यावर नेम धरला, तर गोळा ४ सेकंदांनी तिथे पोहोचेपर्यंत रणगाडा १२० मीटर पुढे गेलेला असतो. मग १२० मीटर पुढे नेम धरावा, असे नवशिक्याला वाटते. पण तिरकी वाट लांब पडल्याने गोळ्याला सुमारे ४.६६ सेकंद लागतात आणि रणगाडा आणखी २० मीटर निसटतो.

वेळ दिशेवर अवलंबून आणि दिशा वेळेवर, असा हा पेच वेगाचे घटक वेगळे केले की सुटतो. गोळा आडव्या दिशेने सतत रणगाड्याच्या बरोबरीने सरकला पाहिजे, म्हणजे त्याच्या वेगाचा आडवा घटक ३० हवा. ५० हा कर्ण आणि ३० ही एक बाजू, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार दुसरी बाजू ४० येते. २०० मीटरचे अंतर त्या वेगाने ५ सेकंदांत तुटते आणि गाठ १५० मीटर पुढे पडते. रणगाड्यातून पाहणाऱ्याला हा गोळा जराही बाजूला न सरकता केवळ मोठा होत जाताना दिसेल. समोरच्या जहाजाची दिशा बदलत नाही, पण अंतर घटत आहे, असे दिसले की खलाशी टक्करीचा धोका ओळखतात, तो याच कारणाने.

लक्ष्य तिरके पळत असेल, तर वेळेसाठी वर्गसमीकरण सोडवण्याची रीत आहे. त्यात एक खाच आहे : लक्ष्य आणि गोळा यांची चाल सारखी असली, की वर्गपदाचा सहगुणक, म्हणजे वेळेच्या वर्गाला गुणणारा आकडा, शून्य होतो आणि नेहमीच्या सूत्रात शून्याने भागाकार होतो. लक्ष्य गोळ्याहून वेगाने दूर पळत असेल, तर वापरण्याजोगे उत्तरच मिळत नाही. तेव्हा तोफेने गप्प बसणे बरे.

अर्थात, हे सारे गणित लक्ष्याचा वेग बदलणार नाही असे धरून चालते, आणि खेळाडू तर वळणे घेतच असतो. सरळ चालणाऱ्याला दर वेळी अचूक टिपणारा शत्रूही, माझ्या मते, कंटाळवाणाच. म्हणून काढलेल्या दिशेत दोनचार अंशांची चूक मुद्दाम मिसळलेली बरी.