जेएल म्हणजे जळगाव, पण तार ठोकायच्या कीवर कोण बसलंय?

जुन्या तारेच्या गप्पा निघाल्या की ठाण्याची खूण आणि तारबाबूचा हात, म्हणजे त्याची ठोकण्याची लकब, यांची हमखास सरमिसळ होते. दोन्हींवरून पलीकडचा ओळखता येतो ना, मग फरक काय?

खुणेचं प्रकरण सोपं. रेल्वेने स्टेशनांना रोमन अक्षरं दिली: जळगाव जेएल, भुसावळ बीएसएल, चाळीसगाव सीएसएन. तिकिटांवर आजही हीच दिसतात. खूण जागेची. ड्युटी बदलली, बाबू बदलला, तरी ती बदलत नाही; आणि ती कुणालाही ठोकता येते.

हात माणसाचा. मोर्स म्हणजे तारेची छोट्या (डॉट) आणि लांब (डॅश) ठोक्यांची लिपी. तिच्या नियमाने डॅश डॉटच्या तिप्पट, अक्षराच्या पोटात एका डॉटएवढी फट, दोन अक्षरांत तीन डॉटची, दोन शब्दांत सातची. इतकं काटेकोर हाताने कोण पाठवणार? जळगाव आणि भुसावळ, दोन्ही खुणांच्या शेवटी एल आहे: डॉट, डॅश, डॉट, डॉट. रोज तेच ठोकून एखाद्याचा डॅश रेंगाळायला लागतो, तर एखाद्याचे शेवटचे दोन डॉट एकमेकांच्या अंगावर चढतात. साउंडरला, म्हणजे तार ऐकवणाऱ्या यंत्राला, सूर नसतो, नुसती कडकट्ट. म्हणजे ऐकणाऱ्याच्या हाती ठोक्यांमधल्या वेळेखेरीज काही नाही. मुरलेल्या कानाला तेवढं पुरतं. अहिराणी बोलणारा कुठल्या भागातला, हे त्याने गाव सांगण्याआधी हेलावरून कळतं, तसंच.

वायरलेसवर आणखी एक भर: यंत्राची स्वतःची लकब. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शत्रूच्या यंत्राची आणि माणसाच्या हाताची तपासणी वेगवेगळी ठेवली होती. हाताच्या तपासणीचं नाव ‘टिना’.

मात्र हाताच्या साक्षीचं कौतुक जरा जास्तच होतं, असं माझं मत. ब्रिटिशांचा हेर हूब लाउवर्स 1942 मध्ये नेदरलँड्समध्ये जर्मनांच्या तावडीत सापडला आणि त्यांच्या सांगण्यावरून लंडनला संदेश पाठवू लागला. हात त्याचाच होता, खोटा नव्हता. पकडलो गेलोय हे कळावं म्हणून त्याने संदेशात घालायची ठरलेली सुरक्षा-खूण मुद्दाम गाळली. लंडनने तिकडे काणाडोळा केला.

आजचे बरेच हौशी रेडिओवाले इलेक्ट्रॉनिक कीयर वापरतात. डॉट-डॅशची लांबी तो ठरवतो, त्यामुळे हात बराचसा पुसला जातो. अक्षरांमधल्या आणि शब्दांमधल्या फटी मात्र बहुतेकदा माणसाच्याच राहतात, आणि जाणकार तिथेच कान लावतात.