व्होल्टेजचा ताबा कोणाकडे? लिनक्सवरील अंडरव्होल्टिंगची पार्श्वभूमी

प्रोसेसर चालताना खर्च होणारी वीज फ्रीक्वेन्सीच्या सम प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या बाबतीत ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे फ्रीक्वेन्सी तशीच ठेवून व्होल्टेज थोडे जरी उतरवले, तरी उष्णता आणि बॅटरीवरचा भार बराच हलका होतो. एकाच मॉडेलच्या सगळ्या चिप सारख्या वकुबाच्या नसतात. त्यांतली सर्वांत कमकुवत चिपही, तापलेली असताना आणि काही वर्षे वापरून झाल्यावर, बिनचूक चालली पाहिजे म्हणून उत्पादक व्होल्टेज चढेच ठरवतो. आपल्या हातातल्या चिपला न लागणारा तो जास्तीचा भाग काढून घेणे म्हणजे अंडरव्होल्टिंग. लिनक्सवर हे काम एके काळी कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पॅच (कोडमधला बदल) लावूनच करावे लागे. आज तसा पॅच लिहिला तरी पुष्कळ लॅपटॉपवर त्याचा उपयोग होत नाही. याचे कारण व्होल्टेज ठरण्याची जागाच बदलली, हे आहे.

मार्च २००३ मध्ये इंटेलने पेंटियम एम हा लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आणला. त्यातील सुधारित स्पीडस्टेप सुविधेत, षोडशमान पद्धतीने १९९ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या साठवणीच्या एका लहान कप्प्यात, एकच संख्या लिहिली की फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही बदलत. तिच्या वरच्या बाइटमध्ये फ्रीक्वेन्सीचा गुणक असे आणि खालच्या बाइटमध्ये व्हिड, म्हणजे व्होल्टेजचा क्रमांक. व्हिडला १६ ने गुणून त्यात ७०० मिळवले की मिलिव्होल्ट मिळत. लिनक्सच्या स्पीडस्टेप-सेंट्रिनो या ड्रायव्हरमध्ये पहिल्या पेंटियम एम चिपांचे तक्ते थेट सोर्स कोडमध्येच लिहिलेले होते: १.६ गिगाहर्ट्झच्या चिपसाठी ६०० मेगाहर्ट्झला ०.९५६ व्होल्ट, १२०० ला १.२७६ व्होल्ट आणि १६०० ला १.४८४ व्होल्ट. या शेवटच्या ओळीचा व्हिड ४९ येतो. समजा, तुमची चिप १६०० मेगाहर्ट्झलाही ३६ व्हिडवर, म्हणजे कारखान्याने १२०० साठी नेमलेल्या व्होल्टेजवर, नीट चालली. तर वर्गाच्या हिशेबाने तिचा चालता वीजखर्च सुमारे २६ टक्क्यांनी घटतो. निव्वळ एका बाइटच्या बदलात इतकी बचत होणे ही मला आजही विलक्षण गोष्ट वाटते.

मग पॅच कशासाठी? रजिस्टर बाहेरून लिहिता येत होते, पण कामाचा भार कमी-जास्त झाला की ड्रायव्हर फ्रीक्वेन्सी बदलताना आपल्या तक्त्यातील व्होल्टेजसकट संपूर्ण संख्या पुन्हा लिही, आणि वापरकर्त्याने केलेला बदल तिथेच पुसला जाई. म्हणून तक्त्यालाच हात घालणे भाग होते. लिनक्स-पीएचसी या प्रकल्पाने नेमके तेच केले: आधी स्पीडस्टेप-सेंट्रिनोला आणि पुढे एसीपीआय-सीपीयूफ्रेक ड्रायव्हरला पॅच लावून प्रत्येक फ्रीक्वेन्सीचे व्हिड सिसएफएसमधील (कर्नलची माहिती फाइलरूपाने दाखवणाऱ्या भागातील) एका फाइलमधून वाचण्याची आणि बदलण्याची सोय दिली. वापरकर्ता एकेक व्हिड एका पायरीने उतरवी, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून आकडेमोड तपासे आणि चूक निघाली किंवा यंत्र गोठले की पायऱ्या मागे घेई. व्होल्टेज कमी केल्याने चिप जळत नाही. खरा धोका असतो तो गुपचूप चुकलेल्या हिशेबाचा आणि त्यातून बिघडणाऱ्या फाइलींचा. हा पॅच मूळ कर्नलमध्ये कधी गेला नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्याने जुळवून घ्यावा लागे, आणि ते काम काही चिकाटीच्या लोकांनी वर्षानुवर्षे केले.

२००८ च्या नेहालेम रचनेने हा मार्ग बंद केला. प्रोसेसरच्या आतच वीज-व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियंत्रक आला, आणि कर्नलने गुणक मागायचा, व्होल्टेज मात्र नियंत्रकाने ठरवायचे, अशी वाटणी झाली. पीएचसीला बदलण्यासारखा बाइटच उरला नाही.

हॅसवेल पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून, वेगळी वाट मिळाली. षोडशमान १५० क्रमांकाच्या रजिस्टरमधून कोअर, कॅश आणि ग्राफिक्सच्या व्होल्टेजला वजा फरक लावता येतो. इंटेलच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेत त्याचे वर्णन नव्हते; जाणकारांनी उलगडा केला आणि लिनक्ससाठी लहान प्रोग्राम तयार झाले. हा फरक नियंत्रक स्वतःच धरून ठेवत असल्याने कर्नलला पॅच लागेना. कर्नलचे एमएसआर मॉड्यूल, म्हणजे अशी रजिस्टरे बाहेरून लिहू देणारा भाग, आणि रूटचे (प्रशासकाचे) अधिकार पुरेसे होते.

डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट हा हल्ला जाहीर झाला. बर्मिंगहॅम, ग्रात्स आणि ल्यूव्हेन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवले की, याच रजिस्टरमधून व्होल्टेज मोजून खाली आणले तर इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातील गुणाकार चुकवता येतात आणि त्या चुकांवरून गुप्त किल्ल्या काढता येतात. एसजीएक्सच्या मांडणीत खुद्द कर्नललाही अविश्वासू धरलेले असते. त्यामुळे कर्नलमधील कोणताही बंदोबस्त इथे अपुराच ठरणार होता. इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली आज्ञावली) आणि बायोस (यंत्र सुरू करणारी आज्ञावली) यांच्या सुधारणा देऊन व्होल्टेजला कुलूप घातले. कारण खरे होते, पण एसजीएक्स कधीही न वापरणाऱ्या असंख्य लॅपटॉपधारकांची सोयही त्यात गेली. काही उत्पादकांनी बायोसमध्ये कुलूप उघडण्याचा पर्याय ठेवला, अनेकांनी ठेवला नाही, आणि हा फरक मला अन्यायकारक वाटतो.

कर्नलनेही याच सुमारास हात आखडता घेतला. कर्नलच्या ५.४ आवृत्तीत आलेली लॉकडाउन सुविधा चालू असेल तर बाहेरून एमएसआर, म्हणजे ही रजिस्टरे, लिहिता येत नाहीत. २०२० च्या ५.९ पासून असे लेखन झाले की नोंदवहीत इशारा उमटतो आणि कर्नलवर डागाची खूण, म्हणजे रीतीबाहेरचा बदल झाल्याची नोंद, लागते. अशा लेखनाऐवजी रीतसर इंटरफेस असावा, ही त्यामागची भूमिका रास्त आहे. एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी तसा इंटरफेस मूळ कर्नलमध्ये आहेही; इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरच्या कोअर व्होल्टेजला मात्र तो मिळालेला नाही.