तात्पुरत्या छपराखालची शंभर वर्षं: आर्मेनियन पुनर्वसनाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधून 'ख्रिश्चन हेरल्ड' नावाचं साप्ताहिक निघत असे. ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांसाठी त्याने वर्गणी गोळा केली, आणि पाठोपाठ दुष्काळाने गांजलेल्या हिंदुस्थानासाठीही. १९०० साली त्याच्याच पुढाकाराने मक्याने भरलेलं 'क्विटो' जहाज मुंबई बंदराला लागलं. हा योगायोग नव्हता. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची पहिली माणसं १८१३ साली मुंबईत पोहोचली आणि पुढच्या काही वर्षांत ऑटोमन प्रदेशात. त्यामुळे अहमदनगरच्या मराठी मिशनमध्ये दुष्काळातली पोरकी मुलं सुतारकाम, विणकाम शिकत होती, त्या काळात हारपूत, ऐंताब, मारसोवान अशा अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) गावी आर्मेनियन मुलांसाठी त्याच संस्थेच्या शाळा चालत होत्या. देणगीदार बरेचसे तेच, रीतही तीच: अनाथालय, शाळा, हाताला एखादा धंदा.

सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाख या अझरबैजानच्या हद्दीतल्या, पण आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून एक लाखाहून अधिक आर्मेनियन आठवडाभरात आर्मेनियात आले. त्यांच्यासाठी जी मदत उभी राहिली, तिची मुळं थेट या जुन्या काळापर्यंत जातात. मदतीत जे चांगलं आहे तेही तिथूनच आलं आणि जे अडतं तेही.

१८९४ ते १८९६ या काळात सुलतान अब्दुल हमीद दुसऱ्याच्या राज्यात आर्मेनियन वस्त्यांवर हल्ले झाले. मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. १८९६ साली अमेरिकन रेडक्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन वयाच्या ७४ व्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) पोहोचल्या. त्यांच्या पथकांनी आत अनातोलियात औषधं आणि कपडे नेलेच, पण त्याबरोबर बियाणं, विळे, बैल आणि कारागिरांची हत्यारंही दिली. नुसतं धान्य वाटलं तर पुढच्या वर्षी पुन्हा वाटावं लागतं, हे त्यांना कळत होतं. १५ एप्रिल १९०६ रोजी कैरोमध्ये बोघोस नुबार यांनी 'आर्मेनियन जनरल बेनेव्होलंट युनियन' स्थापन केली, तिचंही सुरुवातीचं काम खेड्यांतल्या शेतकऱ्यांना बियाणं आणि अवजारं पुरवण्याचं होतं. बोघोस हे इजिप्तचे पहिले पंतप्रधान नुबार पाशा यांचे चिरंजीव. इजिप्तमधल्या सुस्थितीतल्या आर्मेनियनांनी आपल्या मूळ प्रदेशातल्या माणसांसाठी कायमची संस्था काढली, हे त्यातलं महत्त्वाचं. ती आजही आहे.

मग १९१५ आलं. २४ एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन लेखक, वकील, पुढारी पकडले गेले आणि त्यानंतर गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलण्यात आली. देर एझ-झोर हे त्या वाटेचं शेवटचं टोक. अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी मायदेशी तारा पाठवल्या, आणि त्या वर्षीच न्यूयॉर्कमध्ये मदत समिती बसली. १९१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तिला सनद दिली आणि 'निअर ईस्ट रिलीफ' हे नाव रूढ झालं. १९१५ ते १९३० या काळात तिने सुमारे ११ कोटी ६० लाख डॉलर जमवले आणि १,३२,००० अनाथ मुलांना सांभाळलं. त्या काळच्या पैशाच्या मोलाने हा आकडा अफाट आहे.

एवढा पैसा जमला कसा? भित्तिपत्रकं होती, चर्चमधली आवाहनं होती, जॅकी कूगन हा बालनट मुलांकडून दूध आणि कपडे गोळा करत फिरत होता. डिसेंबरातल्या एका रविवारी घरोघरी अनाथालयातलं साधं जेवण जेवायचं आणि वाचलेले पैसे द्यायचे, असाही रिवाज सुरू झाला. ताटात अन्न टाकणाऱ्या अमेरिकन मुलाला आई "तिकडे आर्मेनियन उपाशी आहेत" असं दटावू लागली. जनमत हलवायला हे प्रभावी होतं, यात शंका नाही. पण एका प्राचीन लिपीच्या, चर्चच्या, व्यापाराच्या समाजाची ओळख जगाच्या एका मोठ्या भागात 'उपाशी माणसं' एवढीच उरली.

सगळ्यात मोठा प्रयोग अलेक्झांड्रोपोलला झाला. हेच आजचं आर्मेनियातलं ग्युमरी. झारच्या सैन्याच्या रिकाम्या बराकींमध्ये सुमारे २५,००० मुलं ठेवली होती, म्हणून त्याला अनाथांचं शहर म्हणत. डोळ्यांच्या खुपऱ्यांची साथ एवढी की त्यासाठी वेगळी रुग्णालयं लागली. मुलं सुतारकाम, चांभारकाम, शिवण, शेती शिकत. बोल्शेविक राजवट आली तरी अमेरिकन अनाथालयं काही वर्षं चालू राहिली. तिथला एक प्रसिद्ध फोटो आहे: शेकडो मुलांना मैदानात अक्षरांच्या आकारात उभं करून अमेरिकेचे आभार लिहिलेले. देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो हे समजतं, तरी आईबाप गमावलेल्या मुलाला आभाराच्या एका अक्षराचा तुकडा बनवावं हे मला कधीच पटलेलं नाही.

लेबनॉनमधल्या गझीरच्या अनाथालयातही आभार मानले गेले, पण वेगळ्या तऱ्हेने. याकोब क्युन्झलर हे स्विस गृहस्थ ते चालवत. तिथे मुलींना गालिचे विणायला शिकवत. सुमारे ४०० मुलींनी १८ महिने खपून ४४ लाखांहून अधिक गाठींचा एक प्रचंड गालिचा विणला आणि डिसेंबर १९२५ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिला. तो आता व्हाइट हाउसच्या ताब्यात आहे. विणकाम येणाऱ्या मुलीला पुढे कुणाच्या दयेवर जगावं लागत नसे, आणि गालिच्याला बाजारात भाव होता. म्हणून गझीरचं काम अलेक्झांड्रोपोलइतकं मोठं नसूनही मला जास्त मोलाचं वाटतं.

ज्यांना शोधून सोडवून आणावं लागलं त्यांची कहाणी आणखी कठीण. वाळवंटाच्या वाटेवर अनेक मुली आणि मुलं पळवली गेली, विकली गेली, परक्या घरांत ठेवली गेली. १९२१ पासून राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) वतीने कारेन येप्पे या डॅनिश बाईंनी अलेप्पोत आश्रयगृह चालवलं. तिथे दीड हजारांहून अधिक माणसं आली. प्रत्येकाचं नाव, गाव, आईवडिलांबद्दल जे आठवत असेल ते नोंदवून ठेवलं जाई, कारण नातेवाईक शोधायला त्यावाचून दुसरा आधार नव्हता. येप्पेबाईंनी पुढे बेदुईन शेखाकडून जमीन घेऊन निर्वासितांची शेतीवस्तीही वसवली. १९३५ मध्ये त्या अलेप्पोतच वारल्या.

पण जेवण, धंदा, शोध हे सगळं करूनही एक प्रश्न मदतसंस्थांच्या हातात नव्हता: ही माणसं कुठल्या देशाची? फ्रिट्योफ नान्सेन या नॉर्वेजियन संशोधकाने रशियन निर्वासितांसाठी काढलेला प्रवासाचा दाखला १९२४ पासून आर्मेनियनांनाही मिळू लागला. त्याने सीमा ओलांडता येत, पण नागरिकत्व मिळत नसे. लेबनॉनमध्ये मात्र ते मिळालं, आणि बैरूतच्या आर्मेनियनांची पुढची गोष्ट बदलली ती यामुळेच. १९३० च्या दशकात बंदराजवळच्या छावणीतून लोक नदीपलीकडे बुर्ज हम्मूदला हलले. तिथली जमीन घेण्यात मोठा वाटा होता गावमंडळांचा. मराश, सिस, अदाना अशा गावांतून आलेल्यांनी आपापल्या गावाचं मंडळ काढलं, वर्गणी जमवली, आणि वस्तीला नवं मराश, नवं सिस, नवं अदाना अशी नावं दिली. मुंबईतल्या कोकणच्या चाकरमान्यांची गावमंडळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चटकन उमगेल. फरक एवढाच, की या मंडळांना परत जायला गाव उरलेलं नव्हतं.

त्याच काळात सोव्हिएत आर्मेनियातही परदेशातला आर्मेनियन पैसा येत होता. राजधानी येरेव्हानजवळची नुबाराशेन ही वस्ती बोघोस नुबारांच्या संस्थेने निर्वासितांसाठी उभी केली. १९३७ मध्ये स्तालिनच्या राजवटीने संस्थेला बाहेर काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने जगभरच्या आर्मेनियनांना मायदेशी बोलावलं, सुमारे ९०,००० जण आले, आणि त्यांतल्या अनेकांची निराशा झाली. इकडे परदेशातल्या अनाथांची पोरं शिकली, दुकानं थाटली, कारखाने काढले. पुढच्या मदतीचं भांडवल तिथे साठत होतं.

७ डिसेंबर १९८८, सकाळचे ११ वाजून ४१ मिनिटं. उत्तर आर्मेनियातल्या स्पिटाकच्या भूकंपाने किमान २५,००० माणसं मारली आणि पाच लाखांना बेघर केलं. स्पिटाक जमीनदोस्त झालं. लेनिनाकानमध्ये, म्हणजे पूर्वीच्या अलेक्झांड्रोपोलमध्ये, नऊ मजली साचेबंद इमारती कोसळल्या. शाळा भरलेल्या होत्या. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह न्यूयॉर्कचा दौरा सोडून परतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून मदत घेतली. शंभराहून अधिक देशांतून मदत आली. मदत नेणारं एक सोव्हिएत आणि एक युगोस्लाव्ह विमान कोसळून त्यांतली माणसं गेली. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांची मूत्रपिंडं बंद पडू लागली, तेव्हा परदेशी डॉक्टर डायलिसिसची यंत्रं घेऊन आले. फ्रान्समध्ये गायक शार्ल अझनावूर यांनी मोठा निधी उभा केला. त्यांचे आईवडील आर्मेनियन निर्वासित होते. अमेरिकेत कर्क करकोरियन यांच्या पैशाने मदतीची विमानं वर्षानुवर्षं येत राहिली. तेही स्थलांतरित आर्मेनियनांचे चिरंजीव.

गोर्बाचेव्ह यांनी दोन वर्षांत घरं बांधून देण्याचं आश्वासन दिलं होतं. तीन वर्षांत देशच उरला नाही. क्रेन उभ्या तशाच राहिल्या, बांधकामं अर्धवट. काराबाखवरून अझरबैजानशी युद्ध पेटलं, अझरबैजान आणि तुर्कस्तानने सीमा बंद केल्या, मेत्सामोरची अणुवीज भूकंपानंतर बंद होती ती १९९५ मध्ये सुरू झाली. मधल्या हिवाळ्यांत वीज दिवसातून तास-दोन तास यायची आणि लोकांनी शेगड्यांसाठी रस्त्यावरची झाडं तोडली. अझरबैजानमधून पळून आलेले तीन लाखांहून अधिक आर्मेनियन त्यातच होते. उलट दिशेने आर्मेनियातले आणि काराबाख परिसरातले अझरबैजानीही लाखोंनी उखडले गेले, हेही इथेच नोंदवायला हवं.

भूकंपग्रस्तांना काही महिन्यांसाठी म्हणून दिलेल्या पत्र्याच्या, लाकडाच्या खोल्यांना तिथे 'दोमिक' म्हणतात. त्यात मुलं जन्मली, मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. ग्युमरीत भूकंपाला तीस वर्षं झाली तरी दोमिकमधली कुटुंबं संपली नव्हती. सरकारी यादीत नाव नसणं, भूकंपाच्या वेळी भाडेकरू असणं, मिळालेलं घर विकून पुन्हा दोमिकमध्ये येणं अशी कारणं त्यामागे होती. नुसत्या नव्या इमारती बांधून हे सुटणारं नव्हतं. म्हणून २००० नंतर अमेरिकन सरकारच्या मदतीने घरखरेदीची प्रमाणपत्रं निघाली: कुटुंबाने बाजारात असलेलं घर स्वतः शोधायचं, पैसे विकणाऱ्याला थेट मिळायचे आणि दोमिक पाडून टाकायचं. शेवटची अट सगळ्यात शहाणपणाची, कारण रिकाम्या दोमिकमध्ये दुसरं कुटुंब शिरत असे. खेड्यांत हॅबिटॅट आणि फुलर सेंटर या संस्थांनी वेगळी वाट धरली. सोव्हिएत कर्ज थांबल्यामुळे भिंतीपर्यंत येऊन अडलेली घरं त्यांनी बिनव्याजी हप्त्यांवर पुरी करून दिली. घरच्यांनी अंगमेहनत करायची आणि परत आलेल्या हप्त्यातून पुढचं घर उभं राहायचं. १९९४ पासून 'आर्मेनिया ट्री प्रोजेक्ट'ने तोडलेली झाडं लावायला घेतली, आणि आयगुत गावात निर्वासित कुटुंबांनी परसात रोपं वाढवून विकायला सुरुवात केली.

१९९२ मध्ये स्थापन झालेला 'हायास्तान' हा अखिल आर्मेनियन निधी या सगळ्यातला सर्वांत मोठा वाहक. गोरिस ते स्तेपानाकेर्त हा काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा रस्ता ही त्याची सुरुवातीची मोठी कामगिरी, आणि दरवर्षी लॉस एंजेलिसहून दूरचित्रवाणीवर होणारं देणगीचं आवाहन ही त्याची ओळख. २०२० मध्ये काराबाखवरून पुन्हा झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धात या निधीकडे विक्रमी पैसा आला आणि त्यातले १० कोटी डॉलरहून अधिक त्याने सरकारकडे वळते केले. माणसांसाठी दिलेला पैसा सरकारी तिजोरीत का, असा जाब परदेशातल्या देणगीदारांनी विचारला. माझ्या मते तो योग्यच होता. पिढ्यान् पिढ्या देत आलेल्या समाजात विश्वास हीच खरी गंगाजळी असते, आणि ती तेव्हा बरीच आटली.

डिसेंबर २०२२ पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचीनमधला रस्ता अडवला गेला. १९ सप्टेंबर २०२३ रोजी अझरबैजानने हल्ला केला, दुसऱ्या दिवशी काराबाखने शस्त्रं ठेवली आणि मोटारींची रांग गोरिसकडे निघाली. २५ तारखेला पेट्रोलसाठी थांबलेल्या लोकांजवळ इंधनसाठ्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली. गोरिस आणि वायकमध्ये नोंदणी, जेवण, औषधं, बिछाने यांची सोय वेगाने झाली. तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशात लाखभर माणसं आली आणि तंबूंची छावणी मात्र उभी राहिली नाही. लोक नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत, सरकारने दिलेल्या जागांत विखुरले. सरकारने माणशी एकदाच एक लाख द्राम (आर्मेनियाचं चलन) आणि भाडे-विजेसाठी दरमहा ५०,००० द्राम द्यायला सुरुवात केली.

आताचा पेच घराचा आणि कागदाचा आहे. २०२४ च्या घरयोजनेत सीमेलगतच्या ठरावीक गावांत माणशी ५० लाख द्राम ठरले, इतरत्र ४० किंवा ३० लाख. चौघांच्या कुटुंबाला ३० लाखांच्या दराने साधारण ३०,००० डॉलर होतात; येरेव्हानमध्ये तेवढ्यात घर येत नाही आणि काम मुख्यतः येरेव्हानमध्येच आहे. सीमेजवळ पैसे जास्त, पण एकदा तोफांखालून आलेला माणूस पुन्हा सीमेवर जायला कचरतो. मदतसंस्था मधली फट भाडं, शिलाई-सुतारकामाची साधनं, मुलांच्या शिकवण्या यांनी भरतात. शिवाय योजनेचा लाभ घ्यायला आर्मेनियाचं नागरिकत्व हवं. काराबाखच्या लोकांकडे ०७० क्रमांकाचे आर्मेनियन पासपोर्ट होते, त्यामुळे आपण नागरिकच आहोत असं अनेकांना वाटत होतं. सरकारच्या मते ते केवळ प्रवासाचे दाखले. आता नव्याने अर्ज करायचा, तर काराबाखला परतण्याचा आपला हक्क सोडल्यासारखं होईल का, ही भीती कित्येकांनी बोलून दाखवली आहे. बियाणं, माग किंवा पत्रे देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याचं उत्तर येरेव्हानच्या सरकारलाच द्यावं लागेल.