शमवणाऱ्या पेशी आणि पहिल्या मात्रेचा वाद

नियामक टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, शोधाला २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाल्यापासून, या पेशी हाताशी धरून दाह कमी करायचा आणि इजा झालेला अवयव सावरायचा, अशा उपचारांविषयी बरेच छापून येत आहे. त्यातला बहुतेक मजकूर शोधावरून थेट उपचारावर उडी मारतो. मधल्या काळात याच पेशी वाढवण्यासाठी माणसांना दिलेले एक औषध सपशेल उलटले होते. नव्या औषधाची पहिली मात्रा कशी ठरवायची, याचे आजचे नियम बऱ्याच अंशी त्या प्रसंगातून आले आहेत.

शोधाची कथा थोडक्यात अशी. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांची टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी काढली, तर माद्यांचे बीजांडकोश नष्ट होतात, हे १९६९ मध्ये जपानमध्ये दिसले होते. सत्तरच्या दशकात ‘सप्रेसर’, म्हणजे प्रतिकार दाबणाऱ्या, टी-पेशींची कल्पना जोरात होती. पण त्यांची खूण म्हणून सांगितलेला जनुक अपेक्षित जागी सापडलाच नाही, आणि ऐंशीच्या दशकात त्या विषयाचे नाव काढणेही अवघड झाले. १९९५ मध्ये पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन बाळगणाऱ्या, शमवण्याचे काम करणाऱ्या टी-पेशींचा गट वेगळा काढून दाखवला गेला. २००१ ते २००३ दरम्यान फॉक्सपी३ जनुकाशी त्याची सांगड बसली आणि टीकाकारांची तोंडे बंद झाली.

मग या नियामक पेशी वाढवायच्या कशा? एक वाट होती टी-पेशींवरच्या सीडी२८ या ग्राहीतून (संकेत पकडणाऱ्या प्रथिनातून). एरवी टी-पेशी चेतवायला दोन संकेत लागतात. काही खास प्रतिपिंडे मात्र एकट्या सीडी२८ वाटे हे काम करत. प्रयोगशाळेतल्या उंदीर-घुशींमध्ये त्यांनी नियामक पेशी वाढल्या आणि दाहाचे आजार आटोक्यात आले. माणसासाठी बनवलेल्या अशा प्रतिपिंडाचे नाव टीजीएन१४१२. संधिवात आणि एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग ही त्याची उद्दिष्टे होती.

१३ मार्च २००६ रोजी वायव्य लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना ते शिरेतून देण्यात आले. आणखी दोघांना बिनऔषधी द्रव मिळाला. दीड तासाच्या आत डोकेदुखी, पाठदुखी, थंडी, उलट्या सुरू झाल्या आणि मध्यरात्रीपर्यंत अवयव निकामी व्हायला लागले. सहाही जण अतिदक्षता विभागात पोहोचले. सगळे वाचले, पण एकाला पायाची बोटे आणि हाताच्या बोटांचे काही भाग गमवावे लागले. जे औषध दाह शमवणार होते, त्याने सायटोकाइनचे, म्हणजे दाह भडकवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांचे, वादळ उठवले होते.

वाद मात्रेवरून पेटला. माकडांना किलोमागे ५० मिलिग्रॅम देऊनही काही बिघडले नव्हते. माणसाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे पाचशेपट कमी दिले. कागदावर हे अतिसावध वाटते आणि तेव्हाच्या प्रघातानुसार ते बसतही होते. ब्रिटनच्या औषध नियंत्रण यंत्रणेच्या तपासात औषधात भेसळ निघाली नाही, मात्रेत चूकही निघाली नाही. परिणाम अनपेक्षित होता, असा निष्कर्ष आला. ‘अनपेक्षित’ हा शब्द मला फार उदार वाटतो. प्रतिपिंडाचा चेतवण्याचा गुण आधीपासून ठाऊक होता, त्याच्याच जोरावर तर तो विकसित केला होता. तेवढ्या मात्रेत सीडी२८ च्या सुमारे ९० टक्के जागा व्यापल्या जातील, हे नंतर साध्या गणिताने काढता आले. ते गणित आधीही जमले असते. शिवाय दोन स्वयंसेवकांत जेमतेम दहा मिनिटांचे अंतर ठेवले होते. पहिल्याला काय होते ते कळायच्या आत सहावाही औषध घेऊन बसला होता. याचे समर्थन आजवर कोणाला नीट करता आलेले नाही.

माकडे का सुरक्षित राहिली, तेही पुढे उलगडले. माणसाच्या ज्या स्मृतिधारी टी-पेशी तत्काळ सायटोकाइन सोडतात, त्यांच्यावर सीडी२८ असते. त्या माकडांमध्ये त्याच पेशींवर ते नसते. तेव्हा कितीपटीने मात्रा कमी केली, हा प्रश्नच गैरलागू होता. डिसेंबर २००६ मध्ये या प्रकरणासाठी नेमलेल्या तज्ज्ञगटाने २२ शिफारशी दिल्या. ‘इजा न करणारी सर्वांत मोठी मात्रा’ हा पाया सोडून ‘परिणाम दिसू लागेल अशी सर्वांत लहान मात्रा’ धरायची आणि स्वयंसेवकांना एकेक करून औषध द्यायचे, हा रिवाज त्यानंतर रुजला. पुढे त्याच प्रतिपिंडाच्या अत्यल्प मात्रेत नियामक पेशीच प्रामुख्याने जाग्या होतात, असेही दिसले. मूळ कल्पना चुकीची नव्हती!

इंटरल्यूकिन-२ या सायटोकाइनची गोष्ट याच सुराची. मोठ्या मात्रेत ते १९९२ पासून मूत्रपिंडाच्या कर्करोगावर प्रतिकारशक्ती भडकवण्यासाठी मान्य होते. २०११ मध्ये दोन अभ्यासांनी दाखवले, की अगदी थोडे दिले तर ते उलट काम करते. नियामक पेशींवरची सीडी२५ ने बनलेली ग्राही इतकी संवेदनशील असते, की थोडा माल असला तर तो आधी त्याच उचलतात.

इजा झालेल्या अवयवाच्या दुरुस्तीच्या बाजूला मात्रेइतकीच वेळही आडवी येते. २००५ मध्ये उंदरांच्या यकृतावर केलेल्या प्रयोगात इजा चालू असताना मॅक्रोफेज (मृत पेशी आणि जंतू गिळणाऱ्या पेशी) काढले, तर व्रण कमी पडला. बरे होण्याच्या टप्प्यात काढले, तर तयार झालेला व्रण विरघळेनासा झाला. मॅक्रोफेजचे ‘चांगले-वाईट’ असे दोन गट पाडणारी वर्गवारी अजून पाठ्यपुस्तकांत आहे, पण ती अशा निकालांपुढे टिकत नाही. २०१३ मध्ये दुखावलेल्या स्नायूंत नियामक टी-पेशी गोळा होऊन स्नायूंच्या मूलपेशींना (स्टेम सेल्सना) थेट रसद पुरवतात, असे उंदरांत आढळले. म्हणजे त्या दाह आवरतात आणि बांधकामातही हात लावतात.

वेळेचा हा धडा महाराष्ट्राने करोनात फार महागात घेतला. २०२० च्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीच फायदा नव्हता. तरीही दुसऱ्या लाटेत घरी बसलेल्या सौम्य रुग्णांनाही स्टिरॉइड लिहून दिले गेले. त्यात मधुमेह अनियंत्रित, आणि पाठोपाठ म्युकरमायकोसिस.

अलीकडे रुग्णाच्याच रक्तातून मॅक्रोफेज वाढवून सिरॉसिसमध्ये (व्रणांनी यकृत कठीण होण्याच्या आजारात) परत देण्याची चाचणी ब्रिटनमध्ये दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेली. नव्वद दिवसांनंतरच्या यकृताच्या गुणांकात ठळक फरक पडला नाही, म्हणजे मुख्य कसोटीवर ती उतरली नाही. वर्षभरातल्या गंभीर गुंतागुंती मात्र उपचार घेतलेल्या गटात कमी दिसल्या. पुढच्या चाचणीची मुख्य कसोटी कोणत्या मुदतीची ठेवायची, हा कळीचा प्रश्न आहे.